जुन्या अल्टोच्या पुढच्या चाकातील आवाजाचा शोध

२०२३ च्या जूनमध्ये मृगाचे दोन चांगले पाऊस झाले आणि त्यानंतरच्या आठवड्यात माझ्या अल्टोच्या पुढच्या बाजूने ठक्, ठक् असा आवाज येऊ लागला. गाडी २००८ सालची, ७९६ सीसीची. आम्ही ती २०१४ मध्ये जुनी म्हणून घेतली होती आणि तेव्हापासून परभणी ते गंगाखेड रस्त्यावर, दैठण्याच्या पुढे असलेल्या माझ्या शाळेपर्यंत ती रोज जाते-येते. २०२३ च्याच मार्चमध्ये गाडीला १५ वर्षे पूर्ण झाली म्हणून परिवहन कार्यालयात तपासणी करून घेतली, पाच हजार रुपये शुल्क भरले आणि पुढच्या ५ वर्षांसाठी नोंदणी वाढवून आणली. त्यामुळे गाडी विकून मोकळे होण्याचा प्रश्नच नव्हता. ती आणखी ५ वर्षे नीट चालली पाहिजे, असे ठरवूनच मी तो खर्च केला होता.

मोठा रस्ता सोडून शाळेच्या गावाकडे वळले की तीन किलोमीटरचा डांबरी रस्ता लागतो आणि आवाज प्रामुख्याने तिथेच येई. आपल्याकडची काळी जमीन पावसाचे पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात-हात भेगा पडतात. तिच्यावर टाकलेला रस्ता दरवर्षी खालून उचलला जातो आणि पुन्हा खचतो. त्यामुळे अशा रस्त्यावर मोठे खड्डे नसले तरी लहान-लहान लाटा तयार होतात, आणि त्यात हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात. या लाटांवरून गाडी वीस-पंचविसाच्या वेगाने गेली की पायाखालच्या पत्र्यावर कुणीतरी लाकडी हातोडीने ठोकावे तसा आवाज येई. काच खाली असली तर तो जास्त स्पष्ट ऐकू येई आणि मोठ्या रस्त्यावर साठचा वेग घेतला की पूर्ण नाहीसा होई.

पहिल्या आठवड्यातच मी गाडी शहरातल्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मेकॅनिकने एक फेरी मारली, परत येऊन बॉनेटचा कोपरा दोनदा दाबून सोडला आणि पुढचे दोन्ही शॉकॲब्झॉर्बर गेले आहेत असे सांगितले. गाडीचे वय पाहता मला ते पटले. त्यांनी दोन्ही बाजूंचे स्ट्रट, म्हणजे शॉकॲब्झॉर्बर ज्यात असतो ते उभे खांब, बदलले, मजुरी धरून सहा हजारांच्या आसपास बिल झाले आणि संध्याकाळी गाडी हाती आली. गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी पूर्वी दोन-तीन हेलकावे खात असे, ते थांबले, हे मला प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. जुने शॉकॲब्झॉर्बर खरोखरच थकलेले होते. परंतु ठक् आवाज जसाच्या तसा राहिला. दुसऱ्या दिवशी मी परत गेले तेव्हा, नवीन सामान आहे, बसायला थोडा वेळ लागेल, असे उत्तर मिळाले. मी विज्ञान शिकवते, आणि या उत्तरात काही अर्थ नाही हे मला त्याच क्षणी कळले होते. नवीन स्ट्रटमुळे गाडीची बैठक सुरुवातीला किंचित कडक वाटू शकते, पण धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज काही दिवसांनी आपोआप बसत नसतो. तरीही मी वाद घातला नाही, कारण आवाज नेमका कशामुळे येतो हे मलाही सांगता येत नव्हते. मग ते आधी आपणच शोधायचे, असे मी ठरवले.

त्यानंतरचे आठ दिवस मी गाडीत एक वही ठेवली. आवाज आला की शाळेत पोहोचल्यावर लगेच नोंद करायची: कुठे आला, वेग किती होता, स्टीअरिंग सरळ होते की वळवलेले, ब्रेकवर पाय होता की नव्हता, गाडीत किती माणसे होती. माझ्यासोबत दोन सहकारी शिक्षिका येतात. त्यांतील एक मागे बसते आणि आवाज उजव्या चाकातून येतो असे ठामपणे सांगत असे. मला चालकाच्या जागेवरून तो डावीकडून आल्यासारखा वाटे. गाडीचा सांगाडा एकसंध पत्र्याचा असल्याने एका टोकाला बसलेला ठोका पत्र्यातून दुसऱ्या टोकाला सहज पोहोचतो, आणि ऐकणारा जिथे बसला असेल तिथून त्याची जागा निराळीच भासते. म्हणून बाजूच्या नोंदीवर मी काट मारली आणि फक्त परिस्थितीच्या नोंदी ठेवल्या.

या वहीतून जे निघाले ते नंतरच्या सगळ्या कामाला उपयोगी पडले. मोठ्या गतिरोधकावर, जिथे दोन्ही चाके एकदम वर चढतात आणि एकदम खाली उतरतात, तिथे आवाज क्वचितच येत होता. एक चाक वर आणि दुसरे खाली अशी स्थिती झाली की मात्र तो हमखास येई. दुसरी गोष्ट मला चौथ्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी लक्षात आली. गाडी अगदी चालण्याच्या वेगात असताना ब्रेकला नुसता पाय लावला की एकच ठक् येई, आणि पुन्हा क्लच सोडून निघताना आणखी एक. मागे घेताना ब्रेक लावला तरी तसेच. त्या वेळी चाकाखाली खड्डा नव्हता, खडा नव्हता, सपाट फरशी होती. शॉकॲब्झॉर्बरचे काम चाक वर-खाली होण्याशी असते, आणि इथे तर चाक वर-खाली होतच नव्हते. सहा हजार रुपये खर्चून जो भाग बदलला त्याचा या आवाजाशी संबंध नव्हता, हे त्या फाटकापाशी स्पष्ट झाले.

आता जे असू शकत नाही ते एकेक करून बाजूला काढायचे होते. स्टीअरिंग पूर्ण वळवून, किंचित ॲक्सिलरेटर देत मैदानात गोल फिरले तेव्हा कटकट आली नाही. आली असती तर ॲक्सलच्या बाहेरच्या सीव्ही जॉइंटवर, म्हणजे वळलेल्या चाकालाही इंजिनची ताकद पोहोचवणाऱ्या सांध्यावर, संशय घेता आला असता. वेग वाढेल तसा वाढत जाणारा घूं-घूं आवाज नव्हता, त्यामुळे व्हील बेअरिंगही तूर्त बाजूला पडले. उभ्या गाडीत स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले, तर स्प्रिंग झटका देऊन सरकल्यासारखी जाणवली नाही. म्हणजे स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगमधील बेअरिंग अडकत नव्हते. ब्रेकच्या पॅडची परीक्षा सर्वांत सोपी असते. ज्या खडबडीत तुकड्यावर आवाज येतो त्याच तुकड्यावरून ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवून जायचे. पॅड कॅलिपरमध्ये, म्हणजे त्यांना धरणाऱ्या पकडीत, सैल होऊन वाजत असतील तर दाब बसल्यावर ते गप्प होतात. माझ्या गाडीत आवाज गप्प झाला नाही, फक्त त्याचा पोत बदलला, किंचित जड झाला. हा बदल मी वहीत लिहून ठेवला, पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता.

रविवारी भाच्याला मदतीला घेऊन घराच्या अंगणात गाडी तपासली. मागच्या चाकांना दगड लावले, पुढचे डावे चाक जॅकने उचलले आणि चौकटीखाली घोडी लावली. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये, हे मी भाच्याला त्या दिवशी तीनदा सांगितले असेल. चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवले. तिथे ढिलेपणा असता तर बॉल जॉइंट (चाकाला खालच्या आर्मशी जोडणारा गोळ्याचा सांधा) किंवा व्हील बेअरिंग यांपैकी एकावर संशय आला असता, आणि भाच्याला ब्रेक दाबून धरायला सांगून दोहोंतले कोणते हे ठरवता आले असते. कारण ब्रेक दाबल्यावर डिस्क आणि नकल, म्हणजे चाक ज्यावर बसते तो भाग, एकमेकांना जखडले जातात आणि बेअरिंगमधला ढिलेपणा हाताला लागत नाही, बॉल जॉइंटमधला मात्र लागतो. मग चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलवले. तिथला ढिलेपणा टायरॉड एंडचा किंवा स्टीअरिंग रॅकचा, म्हणजे स्टीअरिंगपासून चाकापर्यंतच्या जोडणीचा, असतो. डावे चाक घट्ट होते. उजवे उचलले, तेही घट्ट होते. लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून सांगाड्याशी जोडणारा दांडा, त्याच्याखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून उचलून पाहिले, बॉल जॉइंटमध्ये काही हलले नाही. दुपारपर्यंत आम्ही दोघे घामाने आणि धुळीने माखलो आणि हाती काहीच लागले नाही. ती निराशा खरी होती. आवाज रोज ऐकू येतो आणि तपासायला गेले की गाडी निर्दोष निघते, याने मन फार खचते.

चूक कुठे होती ते मला तीन दिवसांनी गंगाखेड रस्त्यालगतच्या एका जुन्या गॅरेजमध्ये समजले. तिथे गाडी वर घ्यायचा रॅम्प नाही. जमिनीत बांधलेला खड्डा आहे आणि त्याच्या दोन्ही कडांवर चाके ठेवून गाडी उभी करतात. तिथले वयस्कर मिस्त्री, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, त्यांनी माझी वही हातात घेतली नाही, पण मी वाचून दाखवत असताना पूर्ण ऐकून घेतली. ब्रेक आणि निघणे या नोंदींवर त्यांनी मला थांबवले आणि मागे घेतानाही येतो का, असे विचारले. मी हो म्हटल्यावर त्यांनी गाडी खड्ड्यावर घ्यायला सांगितली. मी रविवारची हकिकत सांगितली तेव्हा ते म्हणाले, "चाक उचललं की रॉडला पीळ बसतो मॅडम. मग बुश दबून जातं, आवाज लपून बसतो. जमिनीवरच बघायला पाहिजे."

हे नीट समजायला या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनची रचना पाहावी लागते. बहुतेक लहान गाड्यांप्रमाणे अल्टोलाही पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत. ही रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते आणि तिच्यात शॉकॲब्झॉर्बर व स्प्रिंग मिळून चाकाचा वरचा आधार होतात. खालचा आधार लोअर आर्मचा. अनेक गाड्यांत हा आर्म त्रिकोणी असतो आणि गाडीच्या सांगाड्याला दोन जागी जोडलेला असतो, त्यामुळे तो पुढे-मागे सरकू शकत नाही. जुन्या अल्टोत आर्म सरळ आहे आणि सांगाड्याला एकाच जागी जोडलेला आहे. त्याला पुढे-मागे सरकण्यापासून रोखण्याचे काम स्टॅबिलायझर रॉडकडे दिलेले आहे. हा जाड पोलादी रॉड गाडीच्या पुढच्या भागात आडवा बसतो, त्याची दोन टोके वाकून दोन्ही आर्मच्या भोकांतून जातात, आणि प्रत्येक भोकाच्या दोन्ही अंगांना रबरी बुश, वाटीसारखे वॉशर आणि शेवटी नट असतो. म्हणजे वळणावर गाडी कलू न देणे आणि चाकाला पुढे-मागे धरून ठेवणे, अशी दोन कामे तो एकटा करतो. रॉडच्या टोकाचे रबर झिजले की आर्म त्या भोकात मोकळा होतो. ब्रेक लावला की चाक मागे रेटले जाते आणि आर्म एका अंगाला आपटतो. निघताना चाक पुढे ओढले जाते आणि तो दुसऱ्या अंगाला आपटतो. एक चाक वर आणि एक खाली झाले की रॉडला पीळ बसतो आणि टोक भोकातल्या भोकात फिरते. माझ्या वहीतल्या सगळ्या नोंदी या एका रचनेत बसत होत्या, आणि ब्रेकवर पाय ठेवून गेल्यावर आवाजाचा पोत का बदलत होता तेही. ब्रेकमुळे आर्म एका अंगाला दाबला जाऊन राहात असल्याने ठोका बदलत होता. अंगणात मी एकच चाक उचलले तेव्हा रॉड पिळून त्याची टोके बुशावर घट्ट बसली आणि ढिलेपणा दिसेनासा झाला.

उस्तादांनी त्यांच्या मुलाला गाडीत बसवले, इंजिन बंद ठेवले आणि दुसऱ्या एका पोराला गाडी मागून पुढे-मागे ढकलायला सांगितले. प्रत्येक ढकलण्यासरशी गाडीतल्याने ब्रेकला हलकेच पाय लावायचा. मला त्यांनी खड्ड्यात उतरायला सांगितले. तिथे तेलाचा आणि ओल्या मातीचा दाट वास होता आणि डोक्यावर अगदी हातभर अंतरावर गाडीचे पोट होते. मी डावा हात प्रथम टायरॉडवर ठेवला. गाडी हलली, वर ठक् वाजले, पण हाताला फक्त दूरची थरथर लागली. मग लोअर आर्मच्या आतल्या टोकावर, सांगाड्याशी जोडलेल्या बोल्टजवळ हात ठेवला. तिथेही थरथरच. "आता हितं धरा. अंगठा आर्मवर अन् बोट रॉडवर," उस्ताद म्हणाले. मी तसे धरले. गाडी पुढे आली, ब्रेक लागला आणि माझ्या अंगठ्याखालचा आर्म बोटाखालच्या रॉडपासून स्पष्टपणे सरकला. भाताच्या दाण्याच्या लांबीएवढे अंतर असेल. ठोका कानाला ऐकू येण्याआधी हाताला लागला, असे मला वाटले. गाडी मागे गेली आणि तो उलटा सरकला. उजव्या बाजूला हाच प्रयोग केला तर तिथेही हालचाल होती, पण निम्म्याहून कमी. अडीच आठवडे जो आवाज मी रस्त्यावर शोधत होते तो माझ्या दोन बोटांच्या मध्ये होता. उस्ताद म्हणाले, "बघा, हितून येऊलालाय." मी त्यांना पुन्हा एकदा गाडी ढकलायला लावली, केवळ ते पुन्हा अनुभवण्यासाठी.

नट काढायला दीड तास गेला. १५ वर्षांच्या चिखलाने स्प्लिट पिन सडली होती आणि नटाच्या आट्या गंजून एकजीव झाल्या होत्या. गंज सोडवणारा स्प्रे मारून, तारेच्या ब्रशने साफ करून, पुन्हा स्प्रे मारून आणि थांबून ते काम झाले. नट आगीने तापवायचा नाही असे उस्तादांनी ठरवले होते; जुने रबर तसेही फेकायचेच होते, पण आर्मच्या दुसऱ्या टोकाचा बॉल जॉइंट तापू नये, हे त्यामागचे कारण त्यांनी नंतर सांगितले. डावा बुश बाहेर आला तेव्हा त्याचे गोल भोक लांबट झालेले होते. एका कडेचे रबर पुरते संपून पाकळीसारखे पातळ झाले होते आणि बोटाने चोळले की काळी पूड हाताला लागत होती. वाटीच्या आकाराच्या वॉशरच्या आत, जिथे रबर टेकायला हवे तिथे, धातू घासून आरशासारखा चकचकीत झालेला होता. त्याच्या भोवती सगळीकडे गंज आणि मधे तेवढीच चंद्रकोरीएवढी चकाकी. रॉडचे टोक मात्र शाबूत होते. ते झिजलेले असते तर रॉडच बदलावा लागला असता. उस्तादांनी त्यावर पॉलिश पेपर फिरवला आणि नखाने चाचपून खाच लागते का ते मला पाहायला सांगितले. खाच लागली नाही.

याच वेळी आणखी एक गोष्ट दिसली. डाव्या आर्मच्या बॉल जॉइंटवरचे रबरी आवरण एका बाजूला फाटले होते आणि आतले ग्रीस मातीत कालवल्यासारखे काळपट, खरखरीत झाले होते. जॉइंट अजून सैल नव्हता. पण एकदा माती आत गेली की तो किती दिवस टिकेल याचा भरवसा नसतो, आणि बॉल जॉइंट चालत्या गाडीत निसटला तर चाक आडवे होते. माझ्या गाडीत तो आर्मलाच पक्का बसवलेला असल्याने डावा आर्म पूर्ण बदलायचे ठरवले. उजव्या आर्मचे आवरण शाबूत होते आणि आतला बुशही चांगला होता, म्हणून तो तसाच ठेवला. जोडीने बदलावे असा सल्ला दुकानदाराने दिला. शॉकॲब्झॉर्बर आणि स्प्रिंग जोडीनेच बदलावेत हे मला मान्य आहे, कारण दोन बाजूंच्या दाबात फरक पडला तर गाडी एकीकडे ओढते; पण धड असलेला आर्म जोडी म्हणून काढून टाकायचे कारण मला दिसले नाही. रॉडच्या टोकांचे बुश मात्र दोन्ही बाजूंचे घेतले आणि रॉड सांगाड्याला ज्या पट्ट्यांनी धरलेला असतो त्यांच्याखालचे इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचे दोन बुशही घेतले. दुकानात एकाच मापाचे दोन प्रकारचे बुश होते, एक निम्म्या किमतीचा. उस्तादांनी दोन्ही नखाने दाबून पाहायला सांगितले. स्वस्तातल्यावर नखाची खूण तशीच राहिली आणि हाताला काळेपणा लागला, दुसऱ्याची खूण लगेच भरून आली. मी दुसरा घेतला.

जोडणीच्या वेळी उस्तादांनी जे केले ते मी आधी कुठेच पाहिले नव्हते आणि या सगळ्या कामात मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. आर्मच्या आतल्या टोकाचा बोल्ट आणि रॉडच्या पट्ट्यांचे बोल्ट त्यांनी फक्त हाताने बसतील इतकेच आवळले. चाके लावली, गाडी जॅकवरून उतरवली, मला आणि आणखी एकाला पुढच्या जागांवर बसवले, गाडी चार-पाच वेळा दाबून आणि थोडी पुढे-मागे करून चाके आपल्या नैसर्गिक उंचीवर येऊ दिली, आणि मग ते स्वतः खड्ड्यात उतरून सगळे बोल्ट शेवटचे आवळले. याचे कारण असे की आर्मच्या आतल्या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या धातूच्या नळीला चिकटवलेले असते. आर्म वर-खाली होतो तेव्हा नळी फिरत नाही, रबर पिळले जाते. चाक लोंबत असताना बोल्ट घट्ट केला तर रबराची मोकळी स्थिती लोंबत्या चाकाची ठरते, आणि गाडी जमिनीवर उतरताच ते कायमचे पिळलेले राहते. असे रबर काही महिन्यांत फाटते आणि मालक म्हणतो की सामान नकली निघाले. किती जणांचे चांगले सामान या एका घाईमुळे वाया जात असेल, हे ऐकून मला खरोखर वाईट वाटले. रॉडच्या टोकाचे नटही वॉशर सपाट होईपर्यंत आवळले नाहीत. रबर समान फुगले, नटाची खाच आणि रॉडचे भोक एका रेषेत आले, तिथे थांबून नवीन स्प्लिट पिन घातली.

संध्याकाळी मी गाडी थेट शाळेच्या रस्त्यावर नेली. सोबत भाचा होता. पहिल्या लाटेवर मी नकळत श्वास रोखून धरला होता. ठक् आला नाही. ब्रेक लावला, निघाले, मागे घेतले, काही नाही. पण पाचशे मीटर गेल्यावर आम्हा दोघांनाही एक बारीक टिक्, टिक् ऐकू आली. ती आधीही असणार, मोठ्या आवाजाखाली दबलेली. हा आवाज ब्रेकशी बांधलेला नव्हता. चाक खड्ड्यात उतरताना नव्हे तर उतरून परत वर येताना तो येत होता. या वेळी मी घाबरले नाही, कारण शोधायचे कसे हे हाताला माहीत झाले होते. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले, भाच्याला कोपरा दाबायला सांगितले आणि स्ट्रट जिथे वरच्या पत्र्याला जोडलेला असतो त्या माउंटिंगवर तळहात ठेवला. उजवीकडे काही नव्हते. डावीकडे प्रत्येक दाबाला तळहाताखाली एक बारीक टोचल्यासारखा ठोका येत होता.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी वरची टोपी काढली तेव्हा स्ट्रटच्या दांड्याचा मधला नट पाव फेरा मोकळा निघाला. हा नट आवळताना दांडा स्वतःच नटाबरोबर फिरू लागतो, म्हणून तो एका पान्याने स्थिर धरून दुसऱ्याने नट आवळावा लागतो. तसे न केल्यास नट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्षात होत नाही. पहिल्या गॅरेजमध्ये नवीन स्ट्रट बसवताना हे राहिले होते. म्हणजे ज्या कामासाठी मी सर्वाधिक पैसे मोजले त्या कामाने जुना आवाज गेला नाही आणि नवा आवाज मात्र आला. मी परत त्या गॅरेजमध्ये जाऊन हे शांतपणे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पैशांबद्दल काही बोलले नाहीत.

आर्म बदलल्यामुळे चाकांची दिशा तपासणे भाग होते. अलाइनमेंटच्या यंत्रावर डाव्या चाकाचा टो, म्हणजे चाकाच्या पुढच्या कडेचा आत-बाहेर कल, बाहेरच्या बाजूला गेलेला निघाला. टायरच्या आतल्या कडेवर बोट एका दिशेने फिरवले तर गुळगुळीत आणि उलट दिशेने फिरवले तर करवतीसारखे लागत होते, म्हणजे हा बिघाड बराच जुना असावा. टो जुळवून घेतला आणि पुढचे टायर मागे टाकले. उस्तादांकडचे सगळे काम, बुश, आर्म, मजुरी आणि अलाइनमेंट धरून, पहिल्या गॅरेजच्या बिलाच्या निम्म्यात झाले.

हजार किलोमीटरनंतर परत या, नट पुन्हा बघू, असे उस्तादांनी सांगितले होते, कारण नवीन रबर सुरुवातीला थोडे दबते. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी गेले. ते गॅरेजात नव्हते. मुलाने गाडी खड्ड्यावर घ्यायला सांगितली आणि मी त्याच्या आधीच खाली उतरले. अंगठा आर्मवर, बोटे रॉडवर ठेवली आणि वरच्या पोराला गाडी ढकलायला सांगितले. गाडी हलली, ब्रेक लागला, रबर किंचित दबून परत आले. दोन्ही एकत्रच हलले.